घुमटावर हात बसतो तो कसा

चोपड्याच्या काठावर उभे राहिले की समोर शापोरा नदी आणि पलीकडे शिवोली दिसते. आता मध्ये पूल आहे. गाडीने पाच मिनिटांचे काम. पूल होण्याआधी फेरीबोट होती, आणि तीही नव्हती तेव्हा होडी. पाणी तेवढेच, पण इतिहासात ही नदी फार रुंद होती. पलीकडची शिवोली बार्देशातली, आणि बार्देश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला १५४३ साली. अलीकडचे चोपडे पेडणे महालातले. हा महाल आधी आदिलशाहीत, मग वाडीकर सावंत-भोसल्यांकडे होता. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून खेम सावंतांनी तो पोर्तुगीजांना दिला १७८८ साली. म्हणजे २४५ वर्षे या दोन काठांवर दोन वेगळी राज्ये होती, दोन वेगळे कायदे होते, आणि पुढेपुढे दोन वेगळे धर्मही झाले. या सगळ्या काळात दोन्ही काठांवर एक वाद्य मात्र तेच राहिले. ते म्हणजे घुमट.

महाराष्ट्रातून गोव्यात चवथीला प्रथमच आलेल्या पाहुण्याला हे वाद्य आधी ऐकू येते, मग दिसते. ढोल-ताशाच्या आवाजाला सरावलेल्या कानाला वाटते, कोणीतरी मोठ्या रांजणात तोंड घालून बोलते आहे. दिसायला ते साधेच. कुंभाराने केलेले मडके, पण दोन तोंडांचे. एका बाजूला वीतभर रुंद तोंड, त्यावर कातडे ताणलेले. दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला गळा आणि लहान, उघडे तोंड. उभ्याने वाजवायचे तर दोरीने गळ्यात अडकवतात, बसून वाजवायचे तर मांडीवर घेतात. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात. डावा तळवा लहान तोंडावर असतो. तो झाकला, किंचित उघडला, पूर्ण काढला की आतली हवा कोंडते किंवा सुटते आणि नाद खाली-वर होतो. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात, त्याच जातीचा हा घुमारा. फक्त इथे तो कातडे दाबून निघत नाही, हवा अडवून निघतो. म्हणून घुमट शिकणाऱ्याचा खरा अभ्यास डाव्या हाताचा. उजवा हात महिन्याभरात काहीतरी करू लागतो. डाव्याला वर्षे लागतात.

घुमट एकटे वाजत नाही. सोबत शामेळ असते, कोणी समेळ म्हणतात: लाकडी नळकांड्याचे, बारीक काठ्यांनी वाजवायचे, कडक आणि उंच आवाजाचे. आणि कासाळे, म्हणजे काशाची जड झांज. घुमट खालून घुमवते, शामेळ वरून तडतडते, कासाळे दोघांना एका लयीत बांधून ठेवते. या तिघांच्या नुसत्या वादनाला सुवारी म्हणतात. ती शिगम्यात आणि देवळांतून ऐकायला मिळते. आपल्या विषयापुरते आपण चवथीच्या आरतीशी राहू, कारण पेडण्यातला मुलगा घुमट शिकतो तो बहुतेक करून तिथेच.

हे वाद्य किती जुने हे सांगत बसण्यापेक्षा ते किती लांब पसरले आहे हे पाहणे जास्त बोलके. आंध्रात बुर्रकथा सांगणाऱ्यांच्या साथीदारांकडे याच्याच कुळातले मडके असते, त्याला गुम्मेट म्हणतात. दक्षिण कन्नड आणि उडुपी भागात कुडुबी नावाचा कोकणी बोलणारा समाज आहे. पोर्तुगीज अमलात पूर्वज गोव्यातून निघाले अशी त्यांची परंपरा सांगते. ते होळीला घरोघर नाचत जातात, आणि त्यांच्या गळ्यात गुमटे असते. घर गेले, जमीन गेली, देव डोक्यावर घेऊन माणसे खाली दक्षिणेला गेली, आणि बरोबर मडक्याचे वाद्य नेले! मडके वाटेत फुटणारच. नेले असेल ते वाजवण्याचे आणि घडवण्याचे ज्ञान. कुंभार कुठेही मिळतो, हात मिळत नाही.

जे गेले नाहीत त्यांचे काय झाले, ते नदीपलीकडे पाहावे. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० साली आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. त्याचे १७३६ सालचे एक फर्मान प्रसिद्ध आहे. नवख्रिस्ती घरांतून जुन्या चालीरीती पुसून टाकण्यासाठी ते काढले होते. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत, बायकांनी ओव्या गाऊ नयेत, दारात तुळस नको, अंगावर धोतर-चोळी नको, अशी लांबच लांब यादी त्यात आहे. एखाद्या गोष्टीची बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ ती गोष्ट चालूच असते, हे इतिहास वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पावणेदोनशे वर्षांच्या धाकानंतरही ओव्या चालू होत्या, वाद्ये चालू होती, म्हणून तर फर्मान काढावे लागले. जुन्या काबिजादीतली काही हिंदू घराणी आजही चवथीला मूर्तीऐवजी कागदावर काढलेल्या किंवा पत्रीच्या गणपतीची पूजा करतात. लपवायला सोपा म्हणून ही चाल पडली, असे परंपरेने सांगतात.

घुमट तर पलीकडच्या ख्रिस्ती घरांतही टिकले. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती गोव्याने मांडो घडवला, तेव्हा व्हायोलिनच्या शेजारी साथीला बसले ते घुमटच. शिवोलीचा जागर डिसेंबरअखेर होतो, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांचा मान असतो. एका काठावर समर्थांच्या आरतीला जे मडके वाजते तेच दुसऱ्या काठावर मांडोला वाजते. धर्म बदलला, भाषेत पोर्तुगीज शब्द आले, पाय जमिनीवरून बॉलरूमच्या फरशीवर गेले, तरी ताल धरायला हात मडक्याकडेच वळला.

अलीकडच्या काठावर असा घाव बसला नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांना नव्या काबिजादी म्हणतात. ते पोर्तुगीजांकडे आले अठराव्या शतकाच्या शेवटी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि इथल्या लोकांचा धर्म व रीतिरिवाज सांभाळण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. म्हणून इथली देवळे जागेवर राहिली, दशावतार राहिला, आणि घरचा गणपती मातीचाच राहिला. शिवाय सावंतवाडीशी सोयरीक चालू होती, त्यामुळे मराठी पोथ्या, मराठी कीर्तनकार आणि मराठी आरत्या येत-जात राहिल्या. आपल्या वाचकांना याची मौज वाटेल: घरात कोकणी बोलणारा, भाजी आणताना कोकणीत भांडणारा पेडणेकर मखरापुढे उभा राहिला की मराठीत गातो. रामदास, नामदेव आणि कितीतरी अनाम कवींच्या आरत्या इथे घुमटाच्या चालीवर बसल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या घरात टाळ्या-टाळांवर चार मिनिटांत संपणारी आरती इथे तेच शब्द घेऊन तिप्पट वेळ चालते. कारण प्रत्येक कडव्यानंतर वाद्यांना त्यांचा वाटा द्यावा लागतो.

ही आरती कशी चालते ते पाहिल्याशिवाय ती शिकायची कशी ते कळणार नाही. गाणारा म्होरक्या कडवे संथ उचलतो. बाकीचे झील धरतात. घुमटे या वेळी जवळजवळ दबकी असतात, डावा तळवा बराचसा झाकलेला. ध्रुपद आले की लय चढते, तळवे सुटतात, शामेळ मोकळे होते. मग शब्द थांबतात आणि फक्त वादन उरते. ते वाढत वाढत एका टोकाला जाते आणि सगळे एकदम एका ठोक्यावर तुटते. त्या शांततेत म्होरक्या पुढचे कडवे पुन्हा संथ उचलतो. पाच-सहा घुमटांपैकी एकजण जरी अर्धी मात्रा पुढे गेला तरी ते तुटणे फसते, आणि फसले की मखराशेजारची म्हातारी आजीसुद्धा मान वळवून पाहते. इथे श्रोता आणि परीक्षक एकच.

आता शिकणे. घुमटाची शाळा नव्हती, गुरुपौर्णिमा नव्हती, वही तर नव्हतीच. होती ती फेरी. चवथीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की वाड्यावरची मंडळी एका टोकाच्या घरापासून निघत. प्रत्येक घरी आरत्या, मग पंचखाज्य किंवा नेवऱ्या, चहा, आणि पुढचे घर. पंधरा-वीस घरांचा वाडा असेल तर शेवटच्या घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होई. सहा-सात वर्षांचा पोर बापाचे बोट धरून पहिल्या घरी जाई आणि चौथ्या घरी माटोळीखाली झोपून जाई. झोपेतही ते वादन कानात चालूच. शिक्षण तिथे सुरू होते. आणखी दोन वर्षांनी त्याच्या हाती कासाळे येई. कासाळ्याला कमी लेखू नये. ते जड असते, सतत वाजवून खांदा भरतो, आणि सगळ्यांची लय त्यावर टेकलेली असते. पण त्यात सजावट नसते, म्हणून नव्याला ते देणे रास्त. दोन-तीन चवथी कासाळे वाजवले की आरतीत कुठे चढायचे, कुठे तुटायचे, हे अंगात मुरते. तोवर घुमटाला बोटही लागलेले नसते. बोटे हलण्याआधी आरती पाठ झालेली असणे ही या पद्धतीची खरी ताकद.

मग कधीतरी, नवव्या-दहाव्या घरी, एखादा थकलेला वादक आपले घुमट पोराच्या मांडीवर ठेवतो. कोणी काही सांगत नाही. पोर समोरच्याच्या हाताकडे बघत वाजवू लागते. समोरचा फार चांगला वादक असेल तर बघून काही कळत नाही, कारण त्याचा डावा हात जवळजवळ हलत नाही. म्हणून हुशार पोरे मध्यम प्रतीच्या वादकासमोर बसतात. चुकले तर शेजारचा कोपराने ढोसतो. बरोबर आले तर काहीच होत नाही, तीच शाबासकी. बोल शिकवायचे तर तोंडाने म्हणून दाखवतात, घुमटाचा घुमणारा ठोका आणि शामेळाची तडतड दोन्ही एकाच तोंडाने. प्रत्येक वाड्याचे हे तोंडी बोल थोडे वेगळे. शेजारच्या गावात लग्न करून गेलेली मुलगी सासरच्या आरतीत पहिल्या वर्षी गोंधळते ती यामुळेच. शब्द तेच, देव तोच, तुटायची जागा वेगळी.

हे सगळे लिहिताना पूर्वी सारे छान होते असा सूर लागण्याचा धोका आहे, तो टाळतो. या फेरीत बायका नव्हत्या. त्या दारात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून ऐकत. पन्नास वर्षे ऐकून ज्यांना प्रत्येक आरतीचे वादन तोंडपाठ होते त्यांच्या हाती घुमट कधी आले नाही. आणि सगळेच वाडे सगळ्यांना आपल्या फेरीत घेत असत असेही नाही. फेरी ही वाड्याची होती, आणि वाडा म्हणजे काय हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बदल आला तो आधी कातड्यात. घुमटाला परंपरेने घोरपडीचे कातडे लावत. ते पातळ, चिवट, आणि मुख्य म्हणजे ओल न धरणारे. भाद्रपदात, पाऊस कोसळत असताना, दर घरी दार उघडून भिजत जाणाऱ्या वाद्याला याहून सोयीचे काही नाही. परंतु दरवर्षी चवथीच्या आधी किती घोरपडी मारल्या जात असतील याचा विचार केला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत घातले ते योग्यच झाले, असे मी म्हणेन. शिकार, कातडे बाळगणे, विकणे, सगळेच गुन्हा. कायदा आला म्हणून लगेच सवय सुटली नाही. बरीच वर्षे कातडी चोरून येत राहिली. हळूहळू बकऱ्याचे कातडे आले, आणि आज बाजारात उघडपणे मिळते ते तेच.

बकऱ्याचे कातडे जाड असते आणि हवेतली ओल पिते. दुपारी कडक वाजणारे घुमट रात्री सैल पडते. मग ते शेगडीशी धरून शेकायचे, वाजवायचे, पुन्हा शेकायचे. जुन्या वादकांची तक्रार आवाजाबद्दल असते, ती खरी आहे. टाच कमी, घुमारा बोथट. पण एक गोष्ट ते सहसा बोलून दाखवत नाहीत: कातड्याने हातही बदलला. जाड कातड्यावर बोटांच्या टोकांनी काम होत नाही, म्हणून नवी मुले बोटांचा अधिक भाग वापरतात आणि जोर मनगटातून आणतात. नाजूक भरणा कमी झाला, ठोका वाढला. ज्यांनी घोरपडीचे घुमट कधी ऐकलेच नाही त्यांना हाच घुमटाचा आवाज. आणि घडवणाऱ्यांनीही स्वस्थ बसून घेतलेले नाही. कातडे तासून पातळ करणे, कोवळ्या बकऱ्याचे निवडून घेणे, मडक्याच्या गळ्याची लांबी बदलून पाहणे हे चालू आहे.

वाद्य बदलले की संगीत बाटले असे मानणाऱ्यांनी संतुराची गोष्ट आठवावी. काठ्यांनी तारांवर आघात करून वाजवायचे हे वाद्य काश्मीरच्या सूफियाना गायकीतले. शिवकुमार शर्मांनी तारांची मांडणी बदलली, तिवईवरून ते मांडीवर घेतले, आणि रागसंगीताच्या मैफलीत आणून बसवले. मींड नाही ते कसले शास्त्रीय वाद्य, असे आक्षेप त्यांनी ऐकून घेतले. त्या आक्षेपावर पुढे आपल्या पुण्याच्या उल्हास बापटांनी आयुष्य घातले. तबला, सरोद, गायन असे शिकत शिकत संतुराकडे वळलेल्या या माणसाने बाराही स्वर एकदम लावण्याची पद्धत बसवली आणि संतुरावर मींड काढून दाखवली. २०१८ साली ते गेले. काश्मिरी वादकाला त्यांचे वाद्य ओळखू आले नसते कदाचित. तरी ते संतूरच होते. घुमटाच्या कातड्याबद्दल म्हणूनच मला फारशी चिंता नाही.

चिंता आहे ती फेरीची.

गोव्यात गेली काही दशके घुमट-आरतीच्या स्पर्धा होतात. कला अकादमीची स्पर्धा मोठी. त्याशिवाय मंडळे, पंचायती, क्लब आपापल्या स्पर्धा घेतात. या स्पर्धांनी जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. जी मुले घुमट म्हणजे म्हाताऱ्यांचे खूळ समजत होती ती तालमीला येऊ लागली. आणि बायकांच्या हाती घुमट आले ते स्पर्धेच्या मंचावरूनच. महिला पथके आज इतक्या तयारीने वाजवतात की उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्यांच्या आज्यांचे उसने फिटल्यासारखे वाटते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, त्यामागेही स्पर्धांनी केलेली जागृती आहे.

पण स्पर्धेला घड्याळ असते. ठरलेल्या मिनिटांत सगळे दाखवायचे म्हणजे संथ भाग आखडतो आणि वादनाचे तुकडे फुगतात. परीक्षकांसमोर बसायचे म्हणून एकसारखा पोशाख, एकसारखी हाताची उचल. जिंकलेल्या पथकाची ध्वनिफीत, आता व्हिडिओ, सगळीकडे फिरते आणि पुढच्या वर्षी दहा पथके तशीच वाजवतात. चोपड्याचे, मोरजीचे, आगरवाड्याचे जे वेगळे तुटणे होते ते सपाट होते. अमेरिकेतही असेच काहीसे घडले आहे. तिथे आपल्या संतुराच्या कुळातले हॅमर्ड डल्सिमर नावाचे वाद्य आहे, तेही काठ्यांनी वाजवायचे. गावच्या नाचांना, कानाने शिकून, पिढ्यान्पिढ्या वाजत आलेल्या जुन्या चालींत त्याचे स्थान. ते मागे पडत असताना १९२० च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डला जुन्या नाचांचे प्रेम आले, आणि त्याने पगारी वाद्यवृंद ठेवला, त्यात डल्सिमरही होते. ज्या मोटारीने गाव रिकामे केले तिच्याच पैशावर गावचे संगीत! त्या देशातल्या जुन्या चालींच्या वादकांत आजही स्पर्धेसाठी वाजवणे आणि नाचासाठी वाजवणे हे दोन निराळे प्रकार मानतात, आणि नाचाचे वादन येणाऱ्याला जास्त मान देतात. नाचणाऱ्यांच्या पायांसाठी वाजवताना लय हट्टाने स्थिर ठेवावी लागते. परीक्षकाच्या कानांसाठी वाजवताना ती धावते.

आपल्याकडे नाचणाऱ्यांच्या पायांच्या जागी गाणारे आहेत. चाळीस माणसांच्या घरात अर्धी बेसूर, दोन दमेकरी, एक आजोबा दर कडव्याला अर्धी ओळ मागे. घुमट वाजवणाऱ्याला या सगळ्यांना सांभाळून घ्यावे लागते. त्यासाठी डावा तळवा झाकून थांबण्याची जी कला लागते ती तालमीच्या खोलीत, फक्त तयार वादकांच्या संगतीत, येत नाही. ती वीस घरांत येते.

आणि वीस घरे आता एका रात्रीत होत नाहीत. कारणे कोणाच्या वाईटपणातून आलेली नाहीत. मोपा विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडतात. पेडण्याची पुष्कळ मुले तिथे पाळीवर जातात, आणि पाळीला चवथ कळत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना तर हे दिवस सोडायची सवय नाही. पूर्वी पाच-सात दिवसांचा गणपती असलेली काही घरे दीड दिवसावर आली. काही घरांना कुलूप असते, फक्त दीड दिवसांसाठी उघडते. काही घरी मोबाईल स्पीकरला जोडला की आरती होते. घुमटही त्यातच वाजते, उत्तम वाजते, आणि घरातले हात मोकळे राहतात. फेरी सातव्या घरापाशी थांबते. मुलाला कासाळे मिळण्याची वेळ यायची ती नवव्या-दहाव्या घरी, मोठे थकल्यावर. आता मोठे थकतच नाहीत.

काही वाड्यांनी यावर आपापले उपाय काढले आहेत, ते पाहण्यासारखे. कुठे श्रावणातले सोमवार धरून आधीच चार घरी आरत्यांचा सराव ठेवतात. गणपती नसला तरी घर, चहा आणि बेसूर शेजारी असतातच. कुठे फेरीचे दोन गट करून अर्धी-अर्धी घरे वाटून घेतात, त्यामुळे वादक कमी पडतात आणि आपोआप मुलांच्या आणि मुलींच्या हाती वाद्य जाते. दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. टंचाई हा चांगला शिक्षक आहे.

ज्यांना यंदा घरात घुमट आणायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मडकी डिचोलीच्या कुंभारांची चांगली. चवथीच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारातही घुमटे येतात, पण गर्दीत पारख होत नाही, म्हणून महिनाभर आधी जावे. कातडे पाहण्याआधी मडक्यावर बोटाच्या सांध्याने टकटक करावी. बारीक चीर असेल तर आवाज फाटका येतो आणि ते कितीही शेकले तरी सुधारत नाही. लहान तोंड आपल्या तळव्याने पुरते झाकले जाते का ते पाहावे. वडिलांच्या हाताचे घुमट बारा वर्षांच्या मुलीला चालत नाही. घोरपडीचे म्हणून कोणी कानात सांगून दुप्पट किंमत मागत असेल तर पुढे चालावे. पहिले दोन महिने फक्त डाव्या हाताने झाकणे-उघडणे करावे, उजव्याचे एकच बोट वापरून. आणि चवथ संपली की ते काचेच्या कपाटात ठेवू नये. तिथे ओल कोंडते आणि कातडे पुढच्या श्रावणापर्यंत मऊ पडते. स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या बाजूला, हात पोचेल अशा खुंटीवर ते बरे राहते.